खासबागेचा इतिहास मैदानातच नोंदवला जावा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातील संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे केशवरावांच्या जयंतीलाच, तेथे जळके वासे पाहण्याची वेळ कोल्हापूरकरांवर आली. त्यानंतर नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून आले, ते योग्यच होते. मात्र नाट्यगृहाच्या पाठीला लागून असलेल्या खासबाग कुस्ती मैदानाचे व्यासपीठही त्याच आगीत जळाले, ही गोष्ट त्या मानाने मागे पडली. त्या मैदानासाठी हे पत्र लिहीत आहे.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले होते. मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा त्यांचा प्रसिद्ध जाहीरनामा निघाला, तोही याच वर्षीच्या २६ जुलैला, महाराज परदेशात असताना. याच प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि असे क्रीडागार आपल्या राजधानीत हवे, हे त्यांच्या मनाने घेतले. १९०७ च्या सुमारास काम सुरू झाले आणि १९१२ साली गामा पैलवानांचे बंधू इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीने मैदान खुले झाले. मग १९१५ साली शेजारीच पॅलेस थिएटर उभे राहिले. त्यालाच पुढे केशवरावांचे नाव मिळाले. तेव्हा कोल्हापूर शहराची वस्ती लाखाच्याही पुष्कळ आत होती. एवढ्याशा शहरात ३० हजारांच्या आसपास माणूस बसेल असे मैदान बांधायचे, म्हणजे ते केवळ दरबारी मंडळींसाठी नव्हे, तर पंचक्रोशीतून चालत, बैलगाडीने येणाऱ्या रयतेसाठीच बांधले, असे मला वाटते.

रोमची कल्पना घेतली खरी, पण महाराजांनी रोमची नक्कल केली नाही. तेथे दगडी कमानींवर मजले चढवलेले आहेत. येथे मधोमध तांबड्या मातीचा गोल हौद, म्हणजे कुस्तीचा आखाडा, आणि सभोवार चढत गेलेला मातीचा उतार आहे. मध्ये खांब नाही की छप्पर नाही. शेवटच्या रांगेत बसलेल्या शेतकऱ्यालाही पैलवानाची पाठ मातीला लागली की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, पंचांच्या हाताकडे पाहावे लागत नाही. लहानपणी आजोबांच्या शेजारी या उतारावर बसून मी कुस्त्यांची जंगी मैदाने पाहिली आहेत. हलगीचा ठेका वाढला की आजोबांचा हात नकळत माझ्या खांद्यावर घट्ट व्हायचा. कुस्ती निकाली झाली की ते मला हौदाच्या कडेला नेऊन तेथली चिमूटभर माती माझ्या कपाळाला लावत. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मुरवलेल्या त्या मातीचा गार, आंबूस वास आजही मला ओळखता येईल.

या मैदानाच्या इतिहासाचा मोठा भाग अजूनही केवळ माणसांच्या तोंडी आहे. जोड कोणी ठरवली, कोणत्या डावावर कुस्ती निकाली झाली, हरलेल्या पैलवानाला कोणी फेटा बांधून गावी पाठवले, हे सारे मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी अशा तालमींतल्या जुन्या वस्तादांना आणि आता सत्तरी ओलांडलेल्या शौकिनांना ठाऊक आहे. गणपतराव आंदळकर २०१८ मध्ये गेले, दादू चौगुले २०१९ मध्ये आणि १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे २०२० मध्ये. तीन वर्षांत तीन थोर मल्ल गेले आणि त्यांच्याबरोबर किती आठवणी गेल्या, याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही. जी माणसे आज आहेत, त्यांना हौदाच्या कडेला बसवून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून घेणे हे काही फार खर्चाचे काम नाही. त्यासाठी नाट्यगृह पूर्ण होण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.

दुसरी विनंती बांधकामाविषयी आहे. नाट्यगृह आणि मैदान ही एकाच मनातून निघालेली जोडवास्तू आहे. एकीचा आराखडा करताना दुसरीला मागचे अंगण समजू नये. व्यासपीठ नव्याने बांधताना त्याची उंची आणि रुंदी अशी ठेवावी की उतारावरच्या एकाही माणसाची नजर हौदापर्यंत पोहोचताना अडणार नाही. मातीच्या उतारावर सोयीच्या नावाखाली काँक्रीट चढवू नये. एका खोलीत जुन्या कुस्त्यांची पोस्टरे, छायाचित्रे, गदा आणि फेटे ठेवावेत. अशा वस्तू कितीतरी घरांत ट्रंकेच्या तळाशी पडून आहेत. नीट जपल्या जातील याची खात्री पटली, तर लोक त्या आपणहून आणून देतील. माझ्या आजोबांनी जपून ठेवलेली मैदानाची दोन हस्तपत्रके माझ्याकडे आहेत. ती देणाऱ्यांत माझे नाव पहिले असेल.

आपला,
एक कुस्तीप्रेमी वाचक,
कोल्हापूर