दवाखाना चांगला की नाही, हे कशावरून ठरवायचं?

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर दवाखान्याचा विषय काढला की बाबा, तुम्ही ‘आमचं उत्तम चाललंय’ म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून लिहून पाठवतेय. आईला मोठ्याने वाचून दाखवा.

आपले जुने डॉक्टर थांबल्यापासून तुम्ही घराजवळच्या त्या नव्या दवाखान्यात जाता. इंदिरानगरातून रिक्षा करून कॉलेज रोडला जाण्यापेक्षा ते बरंच. पण तो चांगला का, असं विचारलं की तुम्ही दोघं स्वच्छता, एसी आणि ‘लगेच गुण येतो’ एवढंच सांगता. स्वच्छता हवीच. मात्र बाबांना इतक्या वर्षांची शुगर, आईला बीपी; अशा वेळी मी आधी एकच बघेन. जे अजून दुखत नाही, ते तिथे कुणी तपासतं का?

बाबा, तुमच्या पायांचंच घ्या. जुनी शुगर असली की तळपायाची जाणीव हळूहळू कमी होऊ शकते, आणि ती कमी होतेय हे आपलं आपल्याला कळत नाही. तुम्ही ऐन मे महिन्यात काळारामाला जाता, चपला काढून तापलेल्या फरशीवरून चालता. पाय पोळला तर तुम्हाला समजेल का? हे डॉक्टरांनी वर्षातून एकदा तरी बघायचं असतं. मोजे काढायला लावायचे, बोटांच्या बेचक्यांत जखम-चीर नाही ना ते पाहायचं, नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून ‘कळतंय का?’ विचारायचं. काही मिनिटांचं काम आहे. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, किडनीसाठी लघवीतलं प्रथिन, रक्तातलं क्रिएटिनिन, हेही दरवर्षी व्हायला हवं. तुमच्या फायलीत मला नुसते उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या शुगरचे कागद सापडले. तपासणीच्या आदल्या रात्री तुम्ही भात सोडता, हे आईने मला सांगितलंय. एचबीएवनसी या रक्ततपासणीपुढे ते चालत नाही, त्यात साधारण तीन महिन्यांच्या शुगरचा हिशेब निघतो. ती वर्षातून निदान दोनदा करा, औषध बदललं असेल तर दर तीन महिन्यांनी.

आता आईचं. संक्रांतीला मी तिच्याबरोबर गेले होते. ती जिना चढून आलेली, दम लागलेला. बसल्या बसल्या स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, हात मांडीवर तसाच, आणि पट्टा फुगत असताना डॉक्टर विचारताहेत, ‘झोप लागते का?’ ती आपली उत्तर देतेय. वरचं १५८ आलं आणि गोळी वाढली. आई, तुला ती गोळी कदाचित लागतही असेल, पण अशा मोजणीवरून ते ठरवता येत नाही. आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, बाही वर, हात छातीच्या पातळीत, आणि कुणीही बोलायचं नाही. आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा. तुझ्या वयात एकदा उभं राहूनही बघावं, कारण औषध जास्त झालं की उठताना चक्कर येते आणि माणूस पडतो.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते पुढेच आहे. सकाळच्या डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आणि त्याच आठवड्यात संध्याकाळच्या डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी लिहून दिली. त्या गोळीने बीपी वाढू शकतं, किडनीवरही ताण येतो. दोघांपैकी कुणी चुकीचा माणूस नाही. गर्दी मीही पाहिली आहे. पण दोघांनी तुझा एकच कागद पाहिला असता, तर हे झालं नसतं. तीन-तीन डॉक्टर बसतात तिथे फाइल उघडलीच पाहिजे.

तसंच सलाईनचं. बाबांचा ताप उतरल्यावर ‘अशक्तपणा आहे, एक बाटली लावून घ्या’ म्हणाले आणि तुम्ही खूश झालात. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खाता-पिता येत असताना ते शिरेतून कशाला घ्यायचं? वरण-भात आणि झोप, एवढं पुरलं असतं.

आणि ज्यांच्यावर तुम्ही नाराज आहात, त्या तरुण मॅडम मला तिथल्या सगळ्यात चांगल्या डॉक्टर वाटतात. बाबांच्या सर्दीला त्यांनी अँटिबायोटिक दिलं नाही, म्हणून तुम्ही ‘काही औषधच दिलं नाही’ म्हणत घरी आलात. व्हायरसच्या सर्दीवर अँटिबायोटिक चालतच नाही, आणि त्यांनी ते तुम्हाला समजावून सांगितलं होतं. छातीला स्टेथोस्कोप नीट लावला, धाप लागली किंवा ताप उतरला नाही तर लगेच या म्हणाल्या. शेवटी ‘आजी-आजोबा, अजून काही विचारायचंय?’ असंही. पेशंट नाराज होऊन जाईल हे दिसत असताना नाही म्हणणारा डॉक्टर सोडू नका.

तेव्हा दवाखाना बदलायची घाई नको. त्या मॅडम कोणत्या दिवशी असतात ते काउंटरवर विचारा आणि दोघंही त्यांच्याकडेच जा. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आईच्या आयुर्वेदिक काढ्याच्या बाटलीसकट. डायक्लोफेनॅक चालू ठेवायचं का, हे आधी विचारा. बाबा, तुम्ही मोजे स्वतःहून काढा, संकोच नको. जुने रिपोर्ट मागताना कचरू नका. पेशंटने मागितले की ७२ तासांत कागद द्यायचे, असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे.

छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर दवाखाना उघडायची वाट बघायची नाही. थेट १०८ ला फोन, मग मला.

मॅडमचे वार कळले की कळवा. पहिल्या वेळी मी येते बरोबर.

तुमची,
वैशू