आधी गाळून दाखवा!

महोदय,

टाकीत शेवाळ वाढवून गुरांचा चारा आणि डिझेल मिळवा, असे सांगणारा कालचा लेख वाचला. 'सूक्ष्म शेवाळ' म्हणून छापलेले छायाचित्र जलपर्णीचे आहे. ती इतकी सूक्ष्म असते की उजनी धरणाच्या काठाला आमच्या होड्या तिच्यात अडकतात. असो.

लेखकाने एकाच टाकीतून चाराही काढला आणि डिझेलही. पण क्लोरेला या सूक्ष्म शेवाळात तेल भरायचे तर त्याचे नत्र तोडावे लागते. नत्र तोडले की वाढ खुंटते आणि प्रथिनेही घटतात. तेव्हा टाकी गाईची की गाडीची, हे आधी ठरवा. एक्सॉनमोबिल या अमेरिकी तेल कंपनीने २००९ मध्ये ६० कोटी डॉलरचा आकडा सांगत शेवाळतेलाचा नाद धरला आणि २०२३ पर्यंत सोडूनही दिला. लेखात याचा उल्लेख नाही, जागा कमी पडली असेल.

आमच्याकडेही एका कंपनीचा माणूस शिबिर घेऊन गेला. त्याने स्पिरुलिना हे धाग्यासारखे शेवाळ मलमलीच्या फडक्यातून गाळून दाखवली, फडक्यावर चक्क्यासारखा हिरवा गोळा राहिला. सगळे खूश. आमच्या हौदात मात्र बी सोडले क्लोरेलाचे. त्याचे कण इतके बारीक की फडके दुहेरी करा, चौपदरी करा, वरून ओतलेले हिरवे पाणी खाली हिरवेच. फोन केला तर म्हणे, "दादा, त्याला सेंट्रीफ्यूज लागतं." म्हणजे गरगर फिरवून शेवाळ पाण्यातून वेगळे काढणारे यंत्र. किंमत विचारली, तेवढ्यात दोन गाई आल्या असत्या. आता त्याचा फोन लागत नाही.

बरे, गाळले असते तरी हजार लिटर पाण्यात वाळलेला माल निघतो अर्धा ते एक किलो. दहा लिटर दूध देणाऱ्या गाईला रोजचा खुराकच पाच-सहा किलो लागतो. क्लोरेलात निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात, सरकी पेंडीपेक्षा जास्त, हे मला मान्य आहे. पण हौद सतत ढवळत ठेवावा लागतो, नाहीतर शेवाळ तळाला बसून कुजते. आमच्या शेतीपंपाला वीज आठ तास, तीही एक आठवडा रात्रीची. ढवळायला महावितरणचा माणूस येणार का?

सगळ्यात वाईट वाक्य शेवटी आहे: 'धरणात आपोआप वाढणारे शेवाळही गुरांना घालता येईल.' कृपा करून याचा खुलासा उद्याच छापा. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग धरणाऱ्यांत मायक्रोसिस्टिससारख्या जाती असतात. त्यांचे विष यकृतावर जाते, जनावर दगावते. पुण्या-पिंपरीचे सांडपाणी उजनीत येते, त्यावर काय काय पोसले जाते ते आम्ही रोज बघतो. शेजारच्या वस्तीवरचा एक पोरगा तुमचा अंक हातात घेऊन काल बादली भरायला निघाला होता.

पुढच्या लेखात एक किलो वाळलेल्या शेवाळाचा भाव तेवढा द्यावा, पेंडीच्या भावाशेजारी.

– एक दूध उत्पादक, ता. इंदापूर