मशीनमध्ये पालथ्या पडलेल्या लेकुरवाळ्या तायांना

तायांनो,

संशोधनात भाग घेणाऱ्यांची नावं गुप्त ठेवतात, त्यामुळे तुम्ही कोण ते मला कधी कळणार नाही. मी नाशिकची रेडिओलॉजिस्ट. स्तनांचे एमआरआय वाचणं हे माझं काम. अंगावर पाजणारी बाई तपासणीला आली की तुमची आठवण होते.

तुम्हाला गाठ नव्हती, दुखणं नव्हतं. तरी दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. एन. आर. जगन्नाथन यांच्या गटाने अभ्यासासाठी स्तनांचा एमआरआय करू द्याल का असं विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात. घरी तान्हं बाळ, छाती दुधाने भरलेली, अशा वेळी त्या धडधडत्या मशीनमध्ये पालथं पडून जराही हलायचं नाही, हे किती अवघड असतं ते कुठल्याही बाळंतिणीला विचारावं. इस्राएलमध्ये शास्त्रज्ञ हदासा देगानी यांच्या अभ्यासासाठीही तुमच्यासारख्याच आया पुढे आल्या.

डिफ्युजन एमआरआय शरीरातलं पाणी किती मोकळेपणाने हलतं ते मोजतो. कर्करोगाच्या गाठीत पेशींची इतकी दाटी असते की पाण्याला हलायला जागाच उरत नाही, म्हणून तिथला आकडा खाली येतो. पण पान्हा असलेल्या स्तनात निरोगी भागाचाही आकडा खाली येतो, कारण दूध दाट असतं, त्यात स्निग्धांश आणि प्रथिनं असतात. इस्राएलच्या चमूने 2014 मध्ये हे मांडलं. एम्सच्या 2015 च्या अभ्यासाने पुढचा धोका दाखवला: कोलिन नावाच्या ज्या रसायनाला आपण कर्करोगाची खूण समजतो, ते तुमच्या निरोगी स्तनांतही दिसलं. पाण्याची हालचाल मात्र कर्करोगापेक्षा तुमच्यात स्पष्ट जास्त होती. पाजणाऱ्या आईचं ‘नॉर्मल’ काय, हे आम्हाला तुमच्यामुळे कळलं.

अलीकडेच एक तरुण आई आली होती. दुधाची गाठ आहे, विरघळेल, असं सगळ्यांनी तिला सांगितलेलं. (दोन आठवड्यांत न गेलेली गाठ सोनोग्राफीने पाहिलीच पाहिजे, हे मी सांगून थकत नाही.) पाजत्या स्तनात रक्तपुरवठा इतका वाढलेला असतो की कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर सगळी ग्रंथीच उजळते आणि गाठ त्या उजेडात हरवते. तिचंही तसंच झालं. डिफ्युजनच्या नकाशावर मात्र एक ठिपका आजूबाजूच्या दुधाळ भागापेक्षाही गडद होता, म्हणजे तिथला आकडा आणखी खाली होता. बायोप्सीने निदान पक्कं केलं. आता तिचे उपचार सुरू आहेत.

तपासणीआधी तिला एकच काळजी होती, बाळाचं दूध तोडावं लागेल का? तेव्हा मी तिला सांगितलं की कॉन्ट्रास्टमधल्या गॅडोलिनियमचा 0.04 टक्क्यांहूनही कमी अंश पहिल्या 24 तासांत दुधात उतरतो आणि त्यातलाही 1 टक्क्याहून कमी बाळाच्या आतड्यातून शोषला जातो. तपासणीसाठी पाजणं थांबवायची गरज नाही. उलट आत जाण्याआधी बाळाला पोटभर पाजायला सांगितलं, म्हणजे छाती हलकी होते आणि पालथं पडणं सुसह्य होतं.

तुमच्याबद्दलही तिला सांगितलं. तिने तुम्हाला मनापासून धन्यवाद कळवायला सांगितले आहेत. माझेही त्यातच धरा.

तुमची ऋणी,
नाशिकची एक रेडिओलॉजिस्ट