मॅडम, आधी आत विचारायला शिकवलंत

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

हे पत्र घरी आणून तुमच्या हातात देता आलं असतं. जाहीर लिहिते आहे ते एका कारणासाठी. नाशिकमध्ये पत्रकारितेचं, जनसंपर्काचं शिक्षण घेणारी माझ्यासारखी बरीच मुलं-मुली आहेत आणि त्यांतल्या फार थोड्यांना तुमच्यासारखं कुणी भेटतं. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कानावर जावं, असं मनापासून वाटतं. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. सगळी नोकरी सरकारच्या माहिती खात्यात काढलीत, किती बातम्या दिल्यात, पण त्यांत स्वतःचं नाव कुठे येऊ दिलं नाहीत. ते इथे आलेलंही तुम्हाला आवडणार नाही.

मी या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तेव्हा मी पुढे नेमकी काय होणार, हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. आमच्याकडे ‘पीआरओ’, म्हणजे जनसंपर्क अधिकारी, म्हटलं की मोठ्या हॉस्पिटलात काउंटरवर बसून मेडिक्लेमचे कागद बघणारा माणूस. मामांना वाटलं, पुढाऱ्यांच्या मागे फोटोग्राफर घेऊन फिरायचं काम असेल. मलाही त्यांना धड उत्तर देता येत नव्हतं, कारण वर्गात आम्ही व्याख्या पाठ करत होतो आणि व्याख्येतून रोजचं काम दिसत नाही. ते काम मला तुम्ही दाखवलंत, आणि तेही सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, पेपर वाचता वाचता.

1840 पासून चालत आलेल्या त्या वाचनालयात बसून पेपर वाचणारे नाशिककर पुष्कळ आहेत. तुमच्यासारखे वाचणारे मी तरी पाहिले नाहीत. एकच बातमी ‘गावकरी’, ‘देशदूत’ आणि मुंबई-पुण्याच्या पेपरांच्या नाशिक आवृत्त्यांमध्ये शोधायची, सगळी पानं शेजारी शेजारी मांडायची आणि ओळीमागून ओळ ताडून बघायची. जे वाक्य सगळीकडे जसंच्या तसं आलंय ते प्रेसनोटमधलं. जे एकाच पेपरात आहे ते वार्ताहराने कुणाला तरी विचारून आणलेलं. मला हा खेळ आवडायला लागला होता, तेवढ्यात तुम्ही विचारलंत, “हा जो प्रश्न वार्ताहराने विचारला, तो संस्थेतल्या जनसंपर्कवाल्याने आधी आपल्या साहेबांना का नाही विचारला?”

मॅडम, माझी सगळी तयारी त्या एका प्रश्नाभोवती झाली आहे. प्रेसनोट लिहिणं, पत्रकार परिषद घेणं, कात्रणं काढणं, सोशल मीडियाची पानं सांभाळणं, ही कामं तर आहेतच. पण बाहेर एक शब्द जाण्याआधी आत जाऊन विचारणारं माणूस संस्थेत असावं लागतं आणि ते आपण व्हायचं, हे तुम्ही माझ्या मनावर पक्कं ठसवलंत.

नेत्रतपासणी शिबिराच्या त्या प्रेसनोटचा इथे उल्लेख करायलाच हवा. एका संस्थेने पाठवलेला तो कागद तुम्ही माझ्यापुढे ठेवलात. पहिल्या परिच्छेदात अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सन्माननीय उपस्थिती. दुसऱ्यात संस्थेची गौरवशाली परंपरा. शिबिर रविवारी आहे, सकाळी नऊपासून आहे, मोफत आहे, हे चौथ्या परिच्छेदात, एका लांबलचक वाक्याच्या पोटात. तुम्ही लाल पेनाने ते वाक्य उचलून वर आणलंत. मग पेन खाली ठेवून विचारत गेलात. आधार कार्ड आणावं लागेल का? चष्मा तिथेच मिळणार की फक्त नंबर काढून देणार? मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशन कुठे, आणि त्याचे पैसे कोण देणार? पंचवटीतून येणाऱ्या आजीला कोणत्या बसने यायचं? यातलं एकही उत्तर कागदावर नव्हतं. “हे संस्थेला फोन करून विचारायचं. त्यांनाही ठरवलेलं नसतं बऱ्याचदा. आपण विचारलं की ठरवतात,” असं तुम्ही म्हणालात. तेव्हा मला पहिल्यांदा या कामाची खरी ताकद दिसली. प्रश्न विचारल्यामुळे शिबिरच जरा बरं होतं, आणि बातमी मग आपोआप बरी लिहिली जाते.

अमेरिकेतला सुरुवातीच्या काळातला जनसंपर्कतज्ज्ञ आयव्ही ली, त्याच्याबद्दलही तुमचे आभार मानायचे आहेत. आमच्या नोट्समध्ये तो अर्ध्या पानात संपतो. 28 ऑक्टोबर 1906 रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली, पन्नासहून जास्त माणसं गेली, आणि लीने अपघात दडपण्याऐवजी पत्रकारांना घटनास्थळी नेलं, लेखी निवेदन दिलं. पहिली प्रेसनोट म्हणून त्याच निवेदनाचं नाव सांगतात. परीक्षेला एवढं पुरतं. तुम्ही मला त्याच माणसाचं 1914 साल वाचायला लावलंत. कोलोरॅडोतल्या लडलोला कोळसा खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, बायका-मुलं मेली, आणि त्यानंतर ली मालकांच्या, रॉकफेलर कुटुंबाच्या बाजूने पत्रकं काढू लागला. त्या पत्रकांत संपाच्या नेत्यांचे पगार कितीतरी फुगवून छापले गेले. पुढे चौकशी आयोगासमोर त्याने सांगितलं की कंपनीकडून आलेली माहिती त्याने स्वतः तपासली नव्हती. मी ते वाचून आले तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, वही पुढे केलीत आणि म्हणालात, “दोन्ही वर्षं एका पानावर लिही.” ते पान मी कधीच फाडणार नाही. 1906 चा ली आणि 1914 चा ली यांच्यात लेखनकौशल्याचा फरक नव्हता. मिळालेली माहिती तपासायची की नाही, एवढाच फरक होता.

तुमच्या जेवणाच्या टेबलावरच्या पत्रकार परिषदा! त्यांच्याइतकी धडधड मला कुठल्याच तोंडी परीक्षेला झाली नाही. मी द्राक्ष निर्यातदार कंपनीची प्रतिनिधी, तुम्ही वार्ताहर, आणि काका चहा करता करता मधूनच दुसऱ्या पेपरचे वार्ताहर. विषय तुम्ही आपल्याच जिल्ह्याचा निवडलात, 2010 चा. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला वापरलं जाणारं क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागायतदार सीसीसी म्हणतात, त्याचा अंश युरोपात गेलेल्या द्राक्षांत मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि भारतीय कंटेनर अडकले. तुम्ही एकामागून एक विचारत होतात. हे रसायन तुमच्या तपासणीच्या यादीत होतं का? नव्हतं तर का? बागायतदाराला हंगामाआधी कुणी सांगितलं होतं का? माल पडून राहिला तर नुकसान कुणाच्या खात्यात? “चौकशी सुरू आहे” हे उत्तर तुम्ही चालू दिलं नाहीत. कोण करतंय, कधीपर्यंत, आणि तोपर्यंत शेतकऱ्याने काय करायचं, हे तीनही सांगितलं तरच ते उत्तर.

नंतर तुम्ही मला पिंपळगाव बसवंतच्या एका बागायतदारांकडे पाठवलंत. त्यांनी ते वर्ष पाहिलेलं. पैसा बुडाल्याचं दुःख त्यांना होतंच, पण बोलताना पुन्हा पुन्हा ते एकाच ठिकाणी येत होते. तिकडे बंदरावर आपल्या मालाचं काय झालंय, हे दिवसच्या दिवस नीट सांगणारं कुणी नव्हतं. मी परत येईपर्यंत संध्याकाळ झाली होती आणि डोक्यात एकच होतं, की कंपनीसाठी महत्त्वाचे लोक फक्त पेपरवाले नसतात. ज्यांचा माल आहे, ज्यांचं पोट आहे, त्यांना बातमी पेपरातून कळता कामा नये. आधी त्यांना फोन, मग प्रेसनोट. पुस्तकात याला अंतर्गत संवाद म्हणतात आणि त्यावर एक प्रकरणही आहे. मला तो विषय त्या ओसरीवर कळला.

आता सगळं शहर सिंहस्थाच्या तयारीत आहे. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या पर्वण्यांना रामकुंडावर किती गर्दी होईल याचे अंदाज सगळेच बांधतात. तुम्ही मला 27 ऑगस्ट 2003 ची सिंहस्थातली चेंगराचेंगरी आधी समजून घ्यायला सांगितलंत. 39 भाविक गेले त्या दिवशी. माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण तुमचा आवाज अजून जड होतो. गर्दीसाठीची घोषणा कशी लिहायची, हे तुम्ही मला काळाराम मंदिरापासून गोदाघाटापर्यंत पायी नेऊन शिकवलंत. “घाबरू नका, शांतता राखा” याने कुणाचं पाऊल कुठे वळत नाही. कोणत्या बाजूला वळायचं, पुढचं ठिकाण कोणतं, पाणी कुठे, हरवलेलं मूल कुठे भेटेल, हे सांगावं लागतं. तेही हिंदीत, मराठीत, चार-सहा शब्दांत, आणि नाशिक कधी न पाहिलेल्या माणसाला कळेल असं. त्याला सरदार चौक ठाऊक नसतो. ‘पिवळी कमान’ दिसते. घोषणा लिहिणाऱ्याने आधी तो रस्ता पायाखालून घालावा, हा तुमचा नियम मी माझ्या बॅचमधल्या सगळ्यांना सांगितला आहे.

काही गोष्टी तुम्ही जाता जाता सांगितल्यात, त्या मी इथे लिहून ठेवते, कारण नवख्यांना त्या कुणी सांगत नाही. पत्रकार परिषद सकाळी अकरा-बाराला घ्यावी, म्हणजे वार्ताहराला बातमी लिहायला वेळ मिळतो. संध्याकाळी पान लावायच्या घाईत डेस्कवर फोन करून “आमची बातमी लागली का” विचारू नये. ग्रामीण आवृत्तीची पानं शहराच्या आधी सुटतात, तालुक्याची बातमी असेल तर दुपारीच पोचती करावी. आणि वार्ताहरांना पैशाचं पाकीट. ते द्यायचं नाही, कुणी सुचवलं तरी नाही, साहेबांनी सांगितलं तरी नाही. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडियाने 21 एप्रिल 1968 रोजी दिल्लीच्या परिषदेत आचारसंहिता स्वीकारली आणि म्हणून तो दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळतात, हे आम्ही पाठ केलंय. पण त्या संहितेपायी तुम्हाला नोकरीत किती जणांची नाराजी ओढवून घ्यावी लागली, हे काकांनी सांगितलं तेव्हा ती तारीख माझ्यासाठी वेगळीच झाली.

मोजमापाचंही तसंच. अजूनही कित्येक ठिकाणी बातमीचे कॉलम सेंटिमीटर मोजतात, त्याला जाहिरातीच्या दराने गुणतात आणि “इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळाली” असं साहेबांपुढे ठेवतात. या पद्धतीने कामाची किंमत ठरत नाही, असं जनसंपर्काच्या मोजमापासाठी ठरवलेल्या बार्सिलोना तत्त्वांमध्ये 2010 सालीच म्हटलंय. तुम्ही मला त्याहून सोपी रीत दिलीत. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात नोंदणीच्या टेबलावर मी प्रत्येकाला “कुठून कळलं?” एवढंच विचारलं आणि लिहून घेतलं. सगळ्यात जास्त माणसं बचत गटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून आणि रिक्षावरच्या भोंग्यामुळे आली होती. पेपरातली आमची ठळक बातमी बरीच मागे होती. ते कोष्टक आमच्या सरांनी नंतर वर्गात दाखवलं.

आता मामांना उत्तर देता येतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, हॉस्पिटलांत, महापालिकेत, शिक्षणसंस्थांत हे काम असतं. मुंबई-पुण्याच्या एजन्सी आहेत. लोकसेवा आयोगामार्फत माहिती अधिकाऱ्यांच्या जागा निघतात, त्याही मी भरणार आहे. कुठेही लागले तरी पहिल्या आठवड्यात काय करायचं ते ठरलंय. गेटवरच्या वॉचमनपासून तक्रारींच्या रजिस्टरपर्यंत सगळं बघायचं आणि लोक या संस्थेला काय विचारतात त्याची यादी करायची. लिहायला बसायचं ते त्यानंतर.

मॅडम, तुम्ही माझ्याकडून कधी एक पैसा घेतला नाहीत. उलट येताना आईसाठी डबा भरून दिलात. त्याची परतफेड करण्याची भाषा मी करणार नाही. एक विनंती मात्र आहे. तुमच्या कपाटातल्या कात्रणांच्या फायली, त्यांच्या समासात तुमच्या हाताने लिहिलेले प्रश्न, हे सगळं आमच्यामागून येणाऱ्या मुलांना बघायला मिळावं. कागद पिवळे पडू लागले आहेत, काही ठिकाणी डिंकाने शाई खाल्ली आहे. आम्ही काही जणी मिळून ती स्कॅन करायला, विषयवार लावायला आणि सूची करायला तयार आहोत. फायली तुमच्या घराबाहेर जाणार नाहीत, स्कॅनर आम्हीच घेऊन येऊ. तुम्ही हो म्हणालात तर दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात करतो. काकांना विचारून वार कळवा.

आपली कृतज्ञ,
तुमची विद्यार्थिनी
नाशिक