जुन्या फोनची किंमत डेटा पुसण्याआधी पक्की व्हावी

महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या पत्नीने चार वर्षे वापरलेला मोबाइल आम्ही जुने फोन घेणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीला विकला. मॉडेल, पडद्याची अवस्था, मूळ बिल आणि चार्जर यांविषयीच्या प्रश्नांची खरी उत्तरे भरल्यावर संकेतस्थळाने ९,२०० रुपये किंमत दाखवली. प्रतिनिधी येण्यापूर्वी सर्व खाती काढून फोन फॅक्टरी रीसेट करून ठेवावा, असा संदेश आदल्या दिवशी आला आणि आम्ही तो तंतोतंत पाळला. घरी आलेल्या प्रतिनिधीने आपल्या अ‍ॅपवर तपासणी करून पडद्यावरील डाग आणि बॅटरी ही कारणे सांगत किंमत ५,८०० रुपयांवर आणली. डाग कुठे आहे असे विचारले असता, ‘सिस्टीमच भाव काढते, आमच्या हातात काही नाही,’ एवढेच उत्तर मिळाले.

तो तरुण नोकरदार होता, त्याच्यावर माझा राग नाही. चार वर्षांच्या बॅटरीची किंमत कमी धरली जाणार, हेही मला मान्य आहे. आक्षेप आहे तो क्रमाला. फोन कोरा झाल्यावर अंतिम भाव सांगितला जातो, तेव्हा व्यवहार मोडण्याची मुभा कागदावरच उरते. कारण बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप्स, छायाचित्रे आणि संपर्क क्रमांक पुन्हा त्याच फोनवर आणण्याचा खटाटोप करण्यापेक्षा मिळेल ती रक्कम माणूस मुकाट्याने घेतो. आम्हीही तेच केले.

दारावर येणारा रद्दीवाला निदान आपल्यासमोर तागडी धरतो, आणि त्याच्या वजनमापांची पडताळणी करून त्यांवर मोहर उमटवणारी वैधमापन यंत्रणा राज्यात आहे. फोन तपासणारे अ‍ॅप हीच या कंपन्यांची तागडी. तिची पडताळणी मात्र विकणाऱ्याला करता येत नाही. म्हणून प्रत्येक वजावटीचे कारण आणि रक्कम लेखी मिळावी, आणि ती मान्य झाल्यावरच विकणाऱ्याने आपल्या हाताने डेटा पुसावा, असा नियम हवा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी, म्हणजे संकेतस्थळ वा अ‍ॅपवर ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या युक्त्यांविरोधी, मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि एक दाखवून दुसरेच पदरात टाकण्याचा प्रकार त्यांत नमूद आहे. परंतु २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहक मानतो तो मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणाऱ्याला. स्वतःची वस्तू कंपनीला विकणारा त्यात कुठे बसतो, हे ग्राहक व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट करावे.

पावतीचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. *#०६# दाबल्यावर दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक ही फोनची ओळख असते, आणि पुढे त्या फोनवरून कोणाची फसवणूक झाली तर तपास याच क्रमांकाच्या आधारे मूळ खरेदीदारापर्यंत पोहोचू शकतो. आम्हाला मिळालेल्या पावतीवर मॉडेलचे नाव आणि रक्कम एवढेच आहे. आयएमईआय क्रमांक व ताबा दिल्याची तारीख असलेली पावती मिळावी म्हणून मी कंपनीला तीन ई-मेल पाठवले आहेत. अद्याप एकाचेही उत्तर आलेले नाही.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे