पडद्यामागच्या हातांचे आभार

गणेशोत्सवात आमच्या खानापूरच्या पोरांनी सर्कशीवर बसवलेलं नाटुकलं लोकांनी अगदी डोक्यावर घेतलं. टाळ्या पोरांना मिळाल्या. पण ज्यांनी नाव पुकारू दिलं नाही, त्यांचे आभार इथे मानतो.

पहिला नमस्कार वडगावच्या शिंपीणबाईंना. झगमगीत कपडा कुणीही शिवेल हो, कसरतीचा शिवणं वेगळं. काखेत त्यांनी चौकोनी जोड घातला, म्हणून हात वर केला तरी अंगरखा कमरेतून उचलला गेला नाही. टिकल्या छाती-पाठीवर भरपूर, मांडीच्या आतल्या बाजूला एकही नाही. तिथे घासून कातडं सोलतं.

रंगभूषेच्या दादांबद्दल तर काय बोलावं! पांढरा रंग बोटांनी थापून वर पावडर दाबली. पावसाळी दमटपणात घामाच्या धारा लागल्या तरी चेहरे ओघळले नाहीत. विदूषकाच्या गालांवर लाल त्रिकोण काढले, लंडनच्या जोसेफ ग्रिमाल्डीच्या धर्तीवर. दोनशे वर्षांपूर्वी पांढऱ्या चेहऱ्याचा विदूषक त्यानंच लोकप्रिय केला. आमची धाव भारतातली पहिली सर्कस काढणाऱ्या विष्णुपंत छत्र्यांच्या १८८०च्या सर्कशीपर्यंतच. दादांना दोन्ही पाठ.

आणि लाईट गेल्यावर मोबाईलचा उजेड धरून उभ्या राहिलेल्या कन्नड अक्का. प्रत्येक चेहरा रंगवून झाला की म्हणायच्या, "चलो आगेती!" म्हणजे, छान झालंय!

पाकीट तिघांपैकी कुणीच घेतलं नाही. निदान मंडळाच्या महाप्रसादाला तरी या, घरच्यांना घेऊन.