पेणच्या मूर्तिकार काकांना

आदरणीय काका,
सा. न.

आपण केलेलं आजीचं मातीचं डोकं आणि त्यावर प्रोजेक्टरने पाडलेला तिच्या बोलत्या चेहऱ्याचा व्हिडिओ, ते प्रदर्शन उतरलं. तुम्हाला येणं जमलं नाही. सीझनमध्ये कारखाना सोडून कोण कसं येणार? म्हणून तिथे काय झालं ते लिहून कळवते. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण येणारा जो तो प्रोजेक्टरबद्दल विचारत होता, मातीबद्दल फार थोड्यांनी विचारलं. खरं काम मातीने केलं, आणि ती माती मला तुम्ही शिकवलीत.

सगळे मला प्लास्टर वापर म्हणत होते. त्यांचंही बरोबर होतं. पुतळ्यावर चेहऱ्याचा व्हिडिओ पाडायचा तर पृष्ठभाग पांढरा, बिनचकाकीचा आणि जागचा न हलणारा हवा. १९६९ साली डिस्नीलँडच्या भूतबंगल्यात अर्धपुतळ्यांवर चेहऱ्यांची फिल्म पाडून त्यांना गायला लावलं होतं, तेव्हापासून ही युक्ती चालत आली आहे. प्लास्टर आकसत नाही. डोळ्यांवर डोळे आणि ओठांवर ओठ एकदा जुळवले की झालं. पण मला आजीच्या जाण्यावर काम करायचं होतं, आणि न बदलणाऱ्या चेहऱ्यावर ते होईना.

तुम्ही शाडूचा गोळा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "ही वाळताना आकसते. तुझा व्हिडिओ आकसेल का?"

काका, त्या प्रश्नातच सगळं होतं. आपण आजीचं डोकं ओलं असतानाच दालनात मांडायचं ठरवलं. ओली शाडू गर्द करडी, उजेड पिऊन टाकणारी. पहिल्या दिवशी आजी नीट ओळखूही येत नव्हती. माती वाळून पांढरट होत गेली तशी ती उजळत गेली, प्रोजेक्टरला कुणी हातही लावला नव्हता. मग डोकं आकसलं आणि व्हिडिओ तेवढाच राहिला. आजीचे हलणारे ओठ मातीच्या ओठांच्या वर राहिले, कपाळ डोक्याबाहेर सांडून मागच्या भिंतीवर पडू लागलं. शेवटच्या महिन्यांत आजी अशीच अंगाने लहान होत गेली होती, बोलणं मात्र पूर्वीइतकंच मोठं.

डोळ्यांची आखणी हा तुमचा हातखंडा. आणि मी तुम्हाला डोळेच करू नका म्हणाले, कारण पापण्यांच्या उंचवट्यावर व्हिडिओतले डोळे तुटले असते. तुम्ही अंगठ्याने दोन उथळ खळगे केलेत, त्यावर पाण्याचा हात फिरवलात आणि म्हणालात, "डोळे तिचे तीच आणेल."

बिल व्हायोला या अमेरिकन व्हिडिओ कलाकाराने १९९२ च्या आपल्या तीन पडद्यांच्या कामात मृत्युशय्येवरची स्वतःची आई दाखवली होती. ते मी तुम्हाला फोनवर दाखवलं तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "आजीला विचारलं होतंस ना?" विचारलं होतं. केस विंचरून, चांगलं लुगडं नेसून ती कॅमेऱ्यासमोर बसली होती. पण कलेच्या शिक्षणात हा प्रश्न मला इतक्या सरळ कुणी विचारला नव्हता.

नाक-कान आधी वाळतात, जाड भाग मागून, आणि तडा त्या सांध्यात जातो, हे तुम्ही सांगितलंत म्हणून रोज रात्री नाका-कानांवर ओलं फडकं टाकून ठेवत होते. नाक शाबूत राहिलं. डाव्या कानाखाली तडा गेला, तो मी बुजवला नाही.

तुम्ही मजुरी घेतलीत, तीही ठरल्याप्रमाणे पूर्ण, याचा मला आनंद आहे. फलकावर तुमचं नाव 'सहकार्य' म्हणून खाली लिहिलेलं नाही. माझ्या नावाशेजारी, त्याच आकारात आहे. त्याचा फोटो काकूंच्या फोनवर पाठवला आहे.

अनंत चतुर्दशी झाली की पेणला येते. डोकं घेऊनच येईन. त्या कानाखालच्या तड्याची सुरुवात आतून झाली की बाहेरून, ते तुम्हीच बघून सांगा. पुढचं काम आजोबांच्या हातांचं आहे, आणि बोटं तर नाकापेक्षाही बारीक.

तुमची,
आजीची नात